स्मार्ट मीटर : ‘नको’ म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे का? (बडोदा)

शियाबागकर
सोमवार, रात्री ९:१०

शियाबाग, बाबाजीपुरा, नवापुरा या भागात स्मार्ट मीटर (रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारं, आगाऊ पैसे भरून म्हणजे प्रीपेडवरही चालणारं मीटर) बसवणारी माणसं पुन्हा दिसायला लागली आहेत. ‘मी नको म्हणू शकते का?’ एवढाच प्रश्न आहे, पण त्याला ऑफिसात एक उत्तर मिळतं, ठेकेदाराची मुलं दुसरं देतात आणि व्हॉट्सअॅपवर तिसरंच फिरतं. आमच्या शेजारच्या काकूंनी दारात विचारलं तर ‘बेन, उपरथी ऑर्डर छे’ म्हणून मुलगा पेटी उघडायला लागला. ऑर्डर कुणाची, कधीची, कुठल्या नियमाखाली, काही नाही. कागद मागितल्यावर तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत दिसला.

मे २०२४ मध्ये काय झालं ते बडोद्यात कुणाला सांगायला नको. अकोटा, गोरवा, सुभानपुरा भागातले लोक वीज कंपनीच्या कार्यालयांवर गेले, बायका पुढे होत्या. त्यानंतर सरकारने घरगुती मीटरचं काम थांबवलं आणि शंका असेल तिथे शेजारी जुन्या पद्धतीचं चेक मीटर लावून दाखवायचं जाहीर केलं. तो दबाव लोकांनी आणला होता. पण तेव्हा सगळी चर्चा ‘मीटर पळतं की नाही’ याच्यावर अडकली आणि ‘मला विचारलं का?’ हा प्रश्न मागे पडला.

माझं मत आधीच सांगते. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. मीटर म्हणजे तराजू, आणि प्रीपेड म्हणजे ‘उधारी बंद’ची पाटी. दुकानदाराने तराजू नवा आणला म्हणून माझं महिन्याचं खातं आपोआप बंद होत नाही. तराजूबद्दल कायदा काय म्हणतो ते मी ऐकून घेईन, पण खातं कसं चालवायचं हे माझ्या संमतीशिवाय ठरू नये.

कायदा माहीत असलेले, वीजखात्यात काम केलेले आणि ज्यांच्याकडे मीटर लागलंय ते, सगळ्यांनी लिहा. फॉरवर्ड आलेले मेसेज कृपया इथे चिकटवू नका.

अकोटा_गार्डन
सोमवार, रात्री ९:३८

आमच्याकडे २०२४ च्या पहिल्या फेरीतच लागलं होतं. आम्ही दोघंही नोकरीला, घरी फक्त सासूबाई. त्यांना सांगितलं की मीटर जुनं झालंय, बदलायचंय. त्यांनी सही केली. प्रीपेड हा शब्द कुणी उच्चारला नाही. मग अॅप घ्या, रिचार्ज करा, शिल्लक बघा. दोन हजार भरले की पंधरवडाही पुरत नव्हते, आणि त्याआधी दोन महिन्यांचं बिल पाच हजारांच्या आसपास यायचं. कुठल्या दराने किती कापलं हे अॅपमध्ये धड दिसत नव्हतं. आता पोस्टपेडवर आणलंय, दर दोन महिन्यांनी कागद येतो. पण त्या दिवसांतला मनस्ताप मी विसरणार नाही. सासूबाई पंखा बंद करून बसायच्या, शिल्लक संपेल म्हणून.

वाघोडियारोड_सोलर
सोमवार, रात्री १०:०५

दुसरी बाजूही येऊ द्या. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, गच्चीवर सोलर आहे. माझ्या दृष्टीने स्मार्ट मीटर चांगली गोष्ट आहे. मीटर रीडर आला नाही, कुलूप होतं म्हणून सरासरी बिल, मग पुढच्या वेळी एकदम मोठं बिल, हा त्रास संपतो. किती युनिट ग्रिडला दिले, किती घेतले ते रोज दिसतं. लाईट गेली तर कंपनीला आपोआप कळतं, निदान कळायला हवं. आणि चोरी. आपण प्रामाणिकपणे भरतो आणि आकडे टाकणाऱ्यांचं नुकसान दरातून आपल्याच डोक्यावर येतं. जो तो नको म्हणायला लागला तर हे कधीच सुधारणार नाही.

कोठीवकील
सोमवार, रात्री ११:२०

शियाबागकर ताई, कायद्याचं सांगतो. थोडं लांबेल.

वीज कायदा २००३, कलम ५५. अचूक मीटरशिवाय वीज द्यायची नाही, आणि ते मीटर केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे हवं. म्हणजे कोणत्या जातीचं मीटर लावायचं ते ठरवण्याचा अधिकार संसदेने प्राधिकरणाला दिला. प्राधिकरणाचे मीटरबाबतचे नियम २००६ चे. २०१९ च्या दुरुस्तीत आलं की नवीन मीटर प्रीपेडची सोय असलेलं स्मार्ट मीटरच असावं आणि जुनी मीटरं केंद्र सरकार ठरवेल त्या मुदतीत बदलावीत. २०२२ मध्ये आणखी पुढे गेले : जिथे संपर्काचं जाळं आहे तिथल्या ग्राहकांना प्रीपेड पद्धतीने चालणाऱ्या स्मार्ट मीटरमधूनच वीज. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेत शेती सोडून बाकी सगळ्यांसाठी मार्च २०२५ ही शेवटची मुदत होती. आणि ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये लिहिलंय की नवं कनेक्शन स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरनेच, अपवाद करायचा तर राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने.

इतकं वाचलं तर वाटतं की ग्राहकाला काही वावच नाही. पण कलम ४७ चं पोटकलम ५ वाचा. त्यात म्हटलंय की ग्राहक प्रीपेड मीटरमधून वीज घ्यायला तयार असेल तर कंपनीने त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागू नये. ‘तयार असेल तर’. मूळ कायदा प्रीपेडकडे ग्राहकाची निवड म्हणून बघतो आणि त्या बदल्यात त्याला ठेवीतून सूट देतो. मग नियमांनी ती निवडच काढून घेतली तर ते नियम कायद्याच्या वर गेले, असा युक्तिवाद करता येतो. माझ्या मते तो भक्कम आहे.

दुसरं कलम ५६. बिल थकलं तर वीज तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की मीटरमधला रिले, म्हणजे पुरवठा तोडणारा स्विच, आपोआप पडतो. मग नोटीस कुठे? थकबाकीच नाही, म्हणून नोटीसही नाही, असं उत्तर मिळतं. गरीब माणसाला या देशात वीजपुरवठ्याबाबत जे मोजकं संरक्षण आहे त्यातलं हे एक, आणि ते पद्धत बदलून नकळत निघून जातं.

आता एक इशारा. दार लावून घेणं हा उपाय नाही. कलम १६३ नुसार कंपनीला सूचना देऊन मीटर तपासायला, बदलायला आत येता येतं. तुम्ही अडवलं तर चोवीस तासांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडण्याचा अधिकार तिला आहे. अडवून तुमची बाजू लंगडी होते. लेखी हरकत घेतली तर ती मजबूत होते.

मांडवीचे_आजोबा
मंगळवार, सकाळी ६:५०

मला अजून जीईबीच, म्हणजे गुजरातचं वीज मंडळच, म्हणायची सवय आहे. बोर्ड मोडून २००५ साली सात कंपन्या केल्या, तेव्हाही सांगितलं होतं की ग्राहकाला फायदा होईल.

माझा प्रश्न साधा आहे. मी आणि ही, दोघंच. मुलगा ऑस्ट्रेलियात. माझ्याकडे बटणांचा फोन आहे. बिल आलं की मी चालत जाऊन रोख भरतो आणि पावती फायलीत लावतो. हिला रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. शिल्लक रात्री संपली तर काय होईल ते मला कुणी सांगत नाही. ऑफिसात विचारलं, ‘काका, मुलाला सांगा ऑनलाईन करेल.’ मुलगा तिकडे झोपलेला असतो तेव्हा इकडे आम्ही जागे असतो. मला कुणावर अवलंबून राहायचं नाही, म्हणून तर आम्ही दोघंच या घरात राहतो आहोत.

शियाबागकर
मंगळवार, सकाळी ८:१५

आजोबा, तुमचा मुद्दा या सगळ्या चर्चेत सगळ्यात वर ठेवायला हवा. तुमचं कनेक्शन पोस्टपेड आहे तोवर मागणीशिवाय कुणी ते प्रीपेडवर नेऊ नये असा अर्ज आजच द्या. अर्जात आजींच्या मशीनचा स्पष्ट उल्लेख करा आणि डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडा. मी मांडवीला येऊन अर्ज लिहून देते, फोन करा.

वाघोडियारोड दादा, सरासरी बिलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे. पण तुम्ही सांगितलेले सगळे फायदे पोस्टपेड स्मार्ट मीटरमध्येही मिळतात. रोजचं रीडिंग, सोलरचा हिशेब, चोरी पकडणं, लाईट गेल्याची खबर, यातल्या कुठल्याच गोष्टीला माझे पैसे आधी लागत नाहीत. मग प्रीपेडचा आग्रह कशासाठी?

कोठीवकील
मंगळवार, दुपारी १:३०

त्याचं उत्तर पैशात आहे. केंद्राची वितरण सुधारणा योजना, आरडीएसएस, २०२१ मध्ये मंजूर झाली. एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा ९७,६३१ कोटी. देशभरात २५ कोटी स्मार्ट मीटर लावायचं लक्ष्य. आपल्यासारख्या राज्यांना प्रत्येक मीटरमागे किमतीच्या १५ टक्के, कमाल ९०० रुपये अनुदान. पण ते प्रीपेड पद्धतीने चालणाऱ्या मीटरला. म्हणून राज्यांचा जीव प्रीपेडमध्ये अडकलेला असतो.

आणि ‘मीटर मोफत आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. दारात पैसे घेत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ठेकेदार कंपनी स्वतःच्या पैशाने मीटर लावते, सांभाळते, आणि वितरण कंपनी तिला दर महिन्याला दर मीटरमागे रक्कम देते. ती रक्कम सुधारलेल्या वसुलीतून निघाली तर ठीक, नाहीतर दराच्या सुनावणीत आपल्यासमोर येणार. केरळने ही ठेकेदारी पद्धत स्वीकारायला नकार दिला होता, तो याच कारणांनी.

जुना_कलाभवनी
मंगळवार, रात्री ९:००

मी उभं आयुष्य मीटर, रिले आणि टेस्ट बेंचमध्ये काढलं. निवृत्त झालो तरी शेजारीपाजारी बोलावतात. ‘स्मार्ट मीटर पळतं’ याबद्दल लिहितो, कारण यात खरं-खोटं दोन्ही आहे.

घरगुती स्मार्ट मीटरला भारतीय मानक १६४४४ लागू आहे आणि अचूकतेचा वर्ग साधारण तोच आहे जो गेली कित्येक वर्षं लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मीटरचा होता. तेव्हा तुमचं इलेक्ट्रॉनिक मीटर काढून स्मार्ट लावलं आणि बिल दीडपट झालं, तर ‘स्मार्ट आहे म्हणून’ हे कारण पटत नाही. मात्र जुनं चकतीवालं मीटर काढून लावलं असेल तर बिल वाढू शकतं. चकती म्हातारी झाली की हलक्या भाराला फिरतच नाही. राउटर, टीव्हीचा लाल दिवा, चार्जर, सेटटॉप बॉक्स हे सगळं तिच्याखालून फुकट निघून जायचं. नवं मीटर ते मोजतं.

आता जुन्या गावातल्या लोकांनी हे नीट वाचा. दांडिया बाजारात एका वाड्यात मला बोलावलं होतं. दोन भाऊ, खाली एक, वर एक, दोघांची मीटरं वेगळी. बदल झाल्यावर वरच्या भावाचं बिल वाढलं. तो सकाळपासून घरी नसतो, फ्रीज सोडून काही चालू नसतं. मी वरचा सगळा मेन बंद केला. तरीही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. खाली जाऊन विचारलं, गिझर चालू होता. बंद करायला लावला, वरचा दिवा थांबला.

झालं होतं असं. वाटणीच्या वेळी वायरमनने खालच्या गिझरला फेज खालच्या मीटरचा दिला आणि न्यूट्रल मात्र वरून येणाऱ्या जुन्या वायरीला जोडला. करंट खालच्या मीटरमधून जायचा आणि वरच्या मीटरमधून परत यायचा. चकतीचं मीटर फक्त फेज बघतं, त्यामुळे वर काही नोंद होत नव्हती. आताची मीटरं चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. म्हणजे एकाच गिझरचे पैसे दोघं भाऊ भरत होते. वायर सुटी करून दिली, विषय संपला. रावपुरा, मांडवी, बाजवाडा इथे असे वाडे किती असतील विचार करा. हे पूर्ण बघायला अर्धा तास लागतो, आणि मीटर बसवणाऱ्याला त्याबद्दल कुणी शिकवलेलं नसतं.

घरी करायची तपासणी सांगतो. आधी मेन बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा बघा. थोडा वेळ थांबा. लुकलुकला तर वायरिंगमध्ये गोंधळ आहे. मग मेन चालू करून बाकी सगळं बंद ठेवा आणि फक्त १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा. इस्त्री नको, ती मध्येच बंद-चालू होते. मीटरवर एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२०० असेल तर मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकायला हवं. आपल्याकडे व्होल्टेज बहुतेक वेळा चढं असतं, त्यामुळे साठीच्या जवळ गेलं तरी घाबरू नका. नव्वद-शंभर दिसले तर मात्र फोनवर व्हिडिओ काढून ठेवा आणि तक्रार करा. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका, लहान मुलांना लांब ठेवा.

अकोटा_गार्डन
मंगळवार, रात्री ९:४५

काका, म्हणजे आमचे दोन हजार जे पंधरवड्यात संपत होते ते बरोबर होतं असं तुमचं म्हणणं आहे का? आमच्याकडे आधीही इलेक्ट्रॉनिकच मीटर होतं.

जुना_कलाभवनी
मंगळवार, रात्री १०:२०

मीटर न बघता मी त्याला दोषीही म्हणणार नाही आणि निर्दोषही. पण आकडेमोड करून बघू. दोन महिन्यांचं बिल पाच हजार म्हणजे दिवसाला सुमारे ८३ रुपये. दोन हजार २४ दिवस पुरायला हवेत. हे झालं वर्षाच्या सरासरीवर. मे महिन्यात एसी, कूलर, फ्रीज सगळं जास्त चालतं, वापर दीडपट धरला तर दिवसाला १२५. वर, जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग ते बदलाचा दिवस यांच्यामधली बाकी रोज थोडी थोडी कापली जात होती. ती वीसेक रुपये धरा. १४५ झाले. दोन हजारांना १४५ ने भागा, चौदाव्या दिवशी शिल्लक गेली.

मीटर अचूक असूनही असं होऊ शकतं. पण बाई, हे तुम्हाला पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. रोजची कपात किती, त्यातला आजचा वापर किती, जुनी बाकी किती, स्थिर आकार किती, इंधन आकार किती. बिलाच्या कागदावर जे चार रकाने असायचे ते काढून घेतले आणि एक घटता आकडा हातात दिला. लोक चिडणारच. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

अकोटा_गार्डन
मंगळवार, रात्री १०:३१

हा हिशेब आज पहिल्यांदा कुणीतरी मांडून दिला. धन्यवाद काका. सासूबाईंना वाचून दाखवते.

पूर्वा_फतेगंज
बुधवार, दुपारी १२:१०

भाडेकरूंचं काय? मी युनिव्हर्सिटीत शिकते, आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहतो. मीटर घरमालकाच्या नावावर, मोबाईल नंबर त्यांचा जोडलेला, मेसेज त्यांना जातात. ते महिनाभर गावाला गेले की आम्हाला काही कळत नाही. शिवाय मला एक गोष्ट जास्त खुपते. घरमालकांना अॅपवर दिसतं की आम्ही रात्री किती वाजेपर्यंत लाईट लावतो. त्यांनी एकदा विचारलंही, ‘काल दोन वाजेपर्यंत जाग्या होतात का?’ त्यांनी काळजीने विचारलं असेल, पण मला ते अजिबात आवडलं नाही.

ऋतुजा_उट्रेख्त
बुधवार, दुपारी ४:४०

पूर्वा, तुझा मुद्दा इथे नेदरलँड्समध्ये अख्ख्या कायद्याला आडवा आला होता. माझं माहेर कारेलीबागचं, आता बरीच वर्षं इथे आहे. इथल्या सरकारने स्मार्ट मीटर सक्तीचं करणारं विधेयक आणलं, नाकारलं तर शिक्षेची तरतूद होती. वरच्या सभागृहाने ते २००९ मध्ये अडवलं. मुख्य कारण हेच की दर थोड्या वेळाने घेतलेलं रीडिंग घरातल्या माणसांचं वेळापत्रक उघडं करतं. कोण कधी उठतं, घर कधी रिकामं असतं, सगळं. नंतर जो कायदा झाला त्यात ग्राहकाला नकार देण्याचा हक्क ठेवला, आणि मीटर लावून घेतलं तरी दूरवरून रीडिंग घेणं बंद करून मागता येतं. तरीही बहुसंख्य लोकांनी मीटर लावून घेतलं. विचारलं म्हणून लावून घेतलं, असं मला वाटतं.

माझी बहीण कॅलिफोर्नियात आहे, तिकडे नियामक आयोगाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पीजी अँड ई कंपनीच्या ग्राहकांना जुन्या पद्धतीचं मीटर ठेवायची मुभा दिली, पण सुरुवातीला ७५ डॉलर आणि मग महिन्याला १० डॉलर भरून. कमी उत्पन्नाच्या लोकांना कमी. नकाराची किंमत लावणं मला पटत नाही, पण निदान पर्याय कागदावर आहे.

वाघोडियारोड_सोलर
बुधवार, सायंकाळी ६:२५

परदेशाशी तुलना नको. तिथे चोरी किती आणि थकबाकी किती? आपल्याकडे वितरण कंपन्या डबघाईला आल्या की सरकार पैसे ओततं, तोही आपलाच पैसा.

आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे दर येणार आहेत. केंद्राच्या २०२३ च्या नियमानुसार दुपारच्या उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्क्यांनी कमी हवा, मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकाला निदान १० टक्क्यांनी जास्त. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर दुपारी चालवणाऱ्याला फायदा होईल. जुन्या मीटरने हे मोजताच येणार नाही.

शियाबागकर
बुधवार, रात्री ८:५०

दादा, तुलना चोरीची नाहीच, विचारण्याची आहे. आणि बडोद्यातली वाड्यांत राहणारी माणसं नियमित बिल भरणारी आहेत. ज्याने कधी एक बिल चुकवलं नाही त्याला आगाऊ पैसे भरायला लावायचे, कारण दुसरा कुणी आकडा टाकतो, हा न्याय मला मान्य नाही.

दिवसाच्या दराबद्दल : दुपारी वॉशिंग मशीन लावायला घरात कुणीतरी असावं लागतं. संध्याकाळी सात वाजता ज्या घरात पोळ्या, अभ्यास आणि पंखे एकदम सुरू होतात त्या घराला तो वाढीव दर चुकवता येत नाही. ज्याला सोयीचं आहे त्याने घ्यावं, तुमच्यासारख्या सोलरवाल्यांना ते फायद्याचंच आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की तो दर निवडण्यासाठी असावा.

नाशिकचा_जावई
बुधवार, रात्री ९:३०

सासरवाडी बडोद्याची म्हणून धागा वाचतोय. आमच्या महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. नंतर टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारं) मीटर या नावाने पोस्टपेड स्मार्ट मीटरं लागायला सुरुवात झाली. त्यामुळे नावाकडे बघू नका. मीटर कोणतं आणि बिलाची पद्धत कोणती, दोन्ही लेखी विचारा.

कोठीवकील
गुरुवार, सकाळी १०:४०

आता कामाचं. दोन दुरुस्त्या तुमच्या बाजूच्या आहेत, त्या माहीत नसल्याने लोक भांडत बसतात.

फेब्रुवारी २०२४ ची ग्राहक हक्क नियमांतली दुरुस्ती : मीटरचं रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर कंपनीने पाच दिवसांत दुसरं मीटर शेजारी लावायचं आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे. चेक मीटर मागणं म्हणजे कुणाची मेहेरबानी मागणं नाही. नियमात आहे.

जून २०२३ ची दुरुस्ती : स्मार्ट मीटरने जास्त भार दाखवला म्हणून ते लागण्याच्या आधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. मंजूर भार (एका वेळी किती वीज घेता येईल ती मर्यादा) वाढवायचा तर वर्षात किमान तीनदा तो ओलांडलेला असावा लागतो, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरायचा. जावई आले, दोन एसी एकदम चालले, एका महिन्याने कायमचा भार वाढला, असं होऊ शकत नाही.

तक्रारीची पायरी : आधी सबडिव्हिजन (वीज कंपनीचं आपल्या भागातलं कार्यालय), मग कलम ४२ खालचं ग्राहक तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहिलेली तक्रार चालते. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. शिक्का आणि तारीख नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

जुना_कलाभवनी
गुरुवार, सकाळी ११:१५

तिसऱ्या पक्षाकडून तपासणी मागायची वेळ आली तर लक्षात ठेवा, मकरपुऱ्यात एर्डा आहे. १९७४ पासूनची विजेच्या उपकरणांची संशोधन आणि तपासणी संस्था आपल्याच गावात आहे. आयोगाने मान्य केलेल्या तपासणी संस्थांची यादी कंपनीकडे मागा आणि मीटर तिथेच पाठवायचा आग्रह धरा. आणि मीटर काढताना तुमच्यासमोर सीलबंद पिशवीत घालायला लावा, त्यावर तुमची सही असू द्या.

मांडवीचे_आजोबा
गुरुवार, दुपारी ४:००

काल शियाबागच्या ताई घरी येऊन अर्ज लिहून गेल्या. आज मी स्वतः जाऊन दिला. खिडकीतल्या बाई आधी घेत नव्हत्या, ‘काका, आवी कोई जरूर नथी’ म्हणाल्या. मी म्हटलं, जरूर नसेल तर तेच त्यावर लिहून द्या. मग साहेबांकडे गेल्या आणि शिक्का मारून दिला. डॉक्टरांचा कागद जोडला आहे. पावती फायलीत लावली.

पूर्वा_फतेगंज
गुरुवार, सायंकाळी ५:१०

आजोबा, तुम्ही कमाल केलीत. ताई, तो अर्ज इथे टाकाल का? आमच्या घरमालकांना पाठवते. आणि भाडेकरूचा नंबरही मेसेजसाठी जोडावा अशी ओळ त्यात घालता येईल का?

शियाबागकर
गुरुवार, रात्री ९:२०

मसुदा खाली देते. कोठीवकील दादांनी बघितला आहे, कलाभवनी काकांनी एक ओळ वाढवली आहे. कंस आपापल्या माहितीने भरा.

‘मा. उपअभियंता, (सबडिव्हिजन). विषय : ग्राहक क्रमांक (…) येथील मीटर बदलण्याबाबत.
माझ्या घरी स्मार्ट मीटर बसवण्यासाठी माणसं आली आहेत / येणार आहेत. मी अचूक मीटर बसवण्याला अडथळा करत नाही. मात्र पुढील गोष्टी मला लेखी मिळाव्यात : मीटर बदलण्याचा आदेश व त्याचा दिनांक, बसवणाऱ्या व्यक्तीचं ओळखपत्र, जुन्या मीटरचं अखेरचं रीडिंग माझ्यासमोर घेऊन त्याची सही केलेली प्रत, नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग.
माझं कनेक्शन पोस्टपेड आहे. माझ्या लेखी संमतीशिवाय ते प्रीपेडमध्ये बदलू नये. वीज कायदा २००३ कलम ४७(५) प्रमाणे प्रीपेड ही ग्राहकाच्या तयारीची बाब आहे. भविष्यात मी प्रीपेड निवडल्यास माझी सुरक्षा ठेव परत किंवा वळती करावी.
बदलानंतर रीडिंगबद्दल शंका आल्यास ग्राहक हक्क नियमांप्रमाणे पाच दिवसांत चेक मीटर लावून मिळावं.
घरातील वायरिंग जुनं / वाटणी झालेलं असल्याने मीटर बदलताना मेन बंद ठेवून पल्स दिवा माझ्यासमोर तपासावा.
(लागू असल्यास) घरात वैद्यकीय उपकरण चालतं, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. पूर्वसूचनेशिवाय पुरवठा खंडित करू नये.
(लागू असल्यास) वापरकर्ता भाडेकरू असून त्याचा मोबाईल क्रमांक सूचनांसाठी जोडावा. मात्र तासागणिक वापराची माहिती ग्राहक व प्रत्यक्ष वापरकर्ता यांच्या संमतीशिवाय इतर कुणाला दिसू नये.’

दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घ्या. माणसं मीटर लावायला आली तर भांडू नका, आवाज चढवू नका, ती मुलं रोजंदारीवर आहेत. शिक्क्याची प्रत दाखवा आणि रीडिंगचा फोटो त्यांच्यासमोर काढा.

वाघोडियारोड_सोलर
गुरुवार, रात्री ९:५५

प्रीपेडबद्दल माझं मत तेच आहे. पण हा अर्ज चांगला आहे, वायरिंगची ओळ तर प्रत्येक सोसायटीने घालायला हवी. आमच्या नोटीस बोर्डावर लावतो. फक्त सबडिव्हिजनमध्ये मराठी अर्ज कोण वाचणार? गुजराती करून द्या.

शियाबागकर
गुरुवार, रात्री १०:०५

गुजराती प्रत तयार आहे, आजोबांनी दिली ती गुजरातीतच होती. उद्या सकाळी टाईप करून इथेच टाकते. रविवारी अकराला दांडिया बाजारात आमच्या भगिनी मंडळाच्या हॉलमध्ये ज्यांना अर्ज भरून हवा असेल त्यांनी जुनं बिल घेऊन यावं. कलाभवनी काका रॉड आणि बादली घेऊन येणार आहेत, पल्स कसे मोजायचे ते दाखवतील.